आकाशातला उजेड, वर्दीतली माणसं आणि न मिळालेलं उत्तर

भाऊ, तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात तुमचं गाव. बाबा हरभऱ्याच्या जागलीला मचाणीवर असतात. ४ ते ८ फेब्रुवारी २०२५ अशा सलग पाच रात्री त्यांना बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पलीकडे, पश्चिमेला, झाडांच्या वर मोठा पांढरा-पिवळा उजेड दिसला. एका जागी थांबलेला, मधूनच थरथरणारा, खाली येताना तांबूस होणारा आणि सव्वानऊ-साडेनऊला झाडांमागे जाणारा. बाबा मोटरसायकलवर निघाले की सोबत यायचा. चौथ्या रात्री त्यातून एक लाल ठिपका सुटला, वर गेला आणि विझला. पोलीस पाटलांनी ठाण्यात कळवलं. दोन दिवसांनी दोन गाड्या आल्या, त्यात दोघं वायुसेनेचे. अर्धा तास विचारपूस झाली, होकायंत्र धरलं, वहीत लिहिलं, चहा घेतला आणि गेले. त्यानंतर चिडीचूप. गावात दोन तट पडलेत, एकाचं म्हणणं आग्यावेताळ, दुसऱ्याचं चिनी ड्रोन. तुम्हाला जाणून घ्यायचंय की त्यांना काय सापडलं आणि ते लपवतायत का.

मी बावीस वर्षं वायुसेनेत होतो, त्यातली बरीचशी रडारवर गेली. आता आर्वीकडे वावर सांभाळतो. अशा चौकशांमध्ये मी कधी प्रश्न विचारणारा होतो, कधी ज्याला विचारतात तो. म्हणून उजेडाचं नंतर बघू, आधी त्या दोन गाड्यांबद्दल बोलतो.

तुमच्या मनात आहे तो प्रश्न म्हणजे "ते काय होतं?" गाडीतून आलेल्या माणसाचा प्रश्न तो नसतो. त्याला एवढंच बघायचं असतं की ते आपलं होतं का, आपलं नसेल तर कुणाचं, आणि त्यापासून धोका आहे का. धोका नाही असं एकदा ठरलं की त्याच्या लेखी काम संपलं. वस्तूचं नाव सापडलं नाही तरी संपलं. तुम्हाला जी लपवालपवी वाटतेय ती बहुतेक वेळा एवढीच असते. शिवाय गाडीतून येणारे फक्त माहिती गोळा करतात. निष्कर्ष दुसरीकडे कुठेतरी टेबलावर निघतो, आणि तो गावात येऊन सांगायचा अधिकार त्या दोघांना नसतो. चहा पिताना तुमच्या बाबांना त्यांनी काही सांगितलं असतं तर तो त्यांचा आगाऊपणा ठरला असता.

हे आपल्याकडेच असं चालतं असं समजू नका. अमेरिकी वायुसेनेने १९५२ ते १९६९ या काळात प्रोजेक्ट ब्लू बुक नावाखाली अशा नोंदी जमवल्या. १९४७ पासूनच्या धरून एकूण १२,६१८ नोंदी झाल्या, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत अनोळखीच राहिल्या. तरी दुकान बंद केलं. बंद करताना पहिला मुद्दा काय मांडला? यातल्या कुठल्याही नोंदीत देशाच्या सुरक्षेला धोका दिसला नाही, हा. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने २००९ मध्ये अशा नोंदींचं आपलं खातं गुंडाळलं, तेव्हाही कारण हेच होतं. याउलट फ्रान्समध्ये हे काम १९७७ पासून त्यांच्या अंतराळ संस्थेकडे आहे, म्हणजे मुलकी माणसांकडे. ते प्रत्येक प्रकरणाला वर्ग देतात आणि लोकांना वाचायला मोकळं ठेवतात. ज्याचं काम शोध घेणं आहे तो उत्तर सांगतो, ज्याचं काम पहारा आहे तो पहाऱ्यापुरतंच बघतो. वाईट दोघांचंही नाही.

पहारेकऱ्याची नजर कशी चालते ते आपल्याच लडाखमधल्या प्रकरणात छान दिसतं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग तलावाच्या भागात सैन्याने आकाशात फिरणाऱ्या उजेडांच्या ३२९ नोंदी केल्या, आणि त्यातले १५५ वेळा ते प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आले असं नोंदलं. संशय अर्थातच चिनी टेहळणी ड्रोनवर. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांना विचारलं, आणि निघाले गुरू आणि शुक्र. बातमी आली तेव्हा लोक खूप हसले. मला हसू आलं नाही. रात्रभर उणे तापमानात समोरच्या डोंगरावर डोळे लावून बसलेल्या पोराने उजेड दिसल्यावर तो लिहून ठेवायचा की "असेल एखादा ग्रह" म्हणून सोडून द्यायचा? त्याने लिहिलं, रोज लिहिलं, वेळेसकट लिहिलं. त्या वेळांच्या नोंदी होत्या म्हणूनच खगोलवाल्यांना तो गुंता सोडवता आला.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. राजस्थानात एका रडार ठाण्यावर होतो, नोकरीचं चौथं वर्ष. डिसेंबरअखेरीस पहाऱ्यावरच्या जवानाने कळवलं की दक्षिणेला क्षितिजाला टेकून एक दिवा लाल-हिरवा लुकलुकतो. विमानाचेच रंग ते! मी रडारवर बघितलं, काही नाही. दुसऱ्या रात्री परत तेच. तिसऱ्या रात्री मी छातीठोकपणे लिहून टाकलं की कोणीतरी खालून, रडारच्या नजरेखालून उडतंय. विचार अगदीच चुकीचा नव्हता. पृथ्वी गोल असल्याने दूरवर अगदी खालून उडणारी वस्तू रडारला दिसत नाही, त्यामुळे "रडारवर काही नाही" याचा अर्थ "काहीच नाही" असा होत नाही. पण आमचे एक वॉरंट ऑफिसर होते, सातारकडचे, अतिशय कमी बोलणारे. त्यांनी माझं लिखाण बाजूला ठेवलं आणि पहाऱ्याची वही मागवली. त्यात दिवा पहिल्यांदा दिसल्याच्या वेळा होत्या: ९:४०, ९:३६, ९:३२. त्यांनी त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुझा पायलट रोज चार मिनिटं लवकर येतो. फार शिस्तीचा आहे."

तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. दहा दिवसांत चाळीस मिनिटं, महिन्यात दोन तास. तो दिवा म्हणजे अगस्तीचा तारा होता. तिथून तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो, आणि इतक्या खालचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येताना फुटतो, म्हणून लाल-हिरवा लुकलुकतो. दुसऱ्या दिवशी वॉरंट ऑफिसरांनी मला दोन लोखंडी खुंट्या आणि हातोडी दिली. एक खुंटी डोळ्याच्या उंचीची, दुसरी चार पावलांवर, आणि दोन्हींची टोकं दिव्याच्या रेषेत. रात्री साडेदहाला मी खुंट्या रोवल्या, पुढच्या रात्री दहा सव्वीसला डोळा लावला. दिवा बरोबर टोकावर! त्या थंडीतही मला घाम फुटला. बरं झालं, माझं ते लिखाण पुढे गेलं नव्हतं.

आता बाबांना विचारलेल्या प्रश्नांकडे या, म्हणजे त्यांचा रोख कळेल. तुम्ही लिहिलंय की "किती मोठा होता, किती दूर होता" हे त्यांनी विचारलंच नाही, आणि याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. ते विचारण्यात अर्थच नसतो. अंधाऱ्या आकाशातल्या एकट्या उजेडाचं अंतर माणसाच्या डोळ्याला कळत नाही, आणि अंतर कळलं नाही तर आकारही कळत नाही. "बैलगाडीच्या चाकाएवढा, बोडीच्या वर" हे बाबांचं बोलणं खोटं नाही, पण ते मोजमाप नाही. त्यांनी विचारलं ते असं: मचाणीवर नेमके कुठे बसला होता, कुठल्या झाडाच्या शेंड्यावर होता, घड्याळ बघितलं होतं का, आवाज होता का, कुत्री भुंकली का, मोबाईल चालू होता का. झाड सांगितलं की होकायंत्राने दिशा मिळते. दिशा आणि वेळ मिळाली की त्या क्षणी आकाशात त्या जागी काय होतं ते ऑफिसात बसून काढता येतं. कुत्री आणि आवाज हे ड्रोन किंवा हेलिकॉप्टर असण्याची शक्यता तपासायला. बाकी उड्डाणांच्या नोंदी, नागपूरच्या हवामान खात्याचे रोज सोडले जाणारे फुगे, हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते ते मोठे फुगे, हे सगळं कागदावरच तपासलं जातं. ते मोठे फुगे तीस-चाळीस किलोमीटरवर जातात आणि खाली अंधार पडल्यावरही वर ऊन असल्यामुळे चकाकतात. पण असा फुगा सलग पाच रात्री त्याच झाडावर येऊन बसत नाही, म्हणून तो इथे बाद.

मग उजेड काय होता? यातले दोन भाग मी वेगळे करतो, कारण गावात ते एक झालेत.

पाच रात्रींचा थांबलेला उजेड माझ्या मते शुक्र आहे. १० जानेवारी २०२५ ला तो सूर्यापासून आकाशात सर्वांत दूर होता आणि आत्ता फेब्रुवारीच्या मध्यात त्याचं तेज सर्वांत जास्त आहे. ४ ते ८ तारखेला तुमच्या भागात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळत होता आणि शुक्र त्यानंतर सव्वातीन तासांनी, जवळजवळ नेमक्या पश्चिमेला. म्हणजे साडेनऊच्या आतबाहेर, आणि झाडं आडवी आली तर थोडं आधी. बाबांची वेळ हीच आहे. खाली येताना तांबूस होणं, थरथरणं हे हवेमुळे. आणि अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावून बघितलं की तो ठिपका हलतोय असं वाटतं, हे कुणालाही होतं. मला आजही होतं. मोटरसायकलसोबत येण्याचं तर लहानपणी आपण सगळ्यांनी अनुभवलंय. बैलगाडीत बसलं की चांदोबा सोबत धावायचा ना? धुऱ्यावरची झाडं मागे पळतात आणि खूप लांबची वस्तू जागा सोडत नाही, म्हणून ती आपल्या बरोबर आल्यासारखी दिसते. खरं तर बाबांची ही तक्रारच सांगते की वस्तू फार लांबची आहे. बोडीवरचा ड्रोन असता तर दोन किलोमीटर गाडी चालवल्यावर तो मागे राहिला असता.

"शुक्र तर आम्ही जन्मभर बघतोय" असं बाबा म्हणतील. खरंय. पण शुक्र संध्याकाळी कायम नसतो, काही महिने पश्चिमेला, मग काही महिने पहाटे पूर्वेला. इतका तेजस्वी आणि इतका उशिरापर्यंत तो रोज दिसत नाही. त्यात मचाणीवर एकट्याने, वाघाच्या भीतीने कान टवकारून बसलेल्या माणसाला ओळखीची गोष्टही वेगळी दिसते. १ फेब्रुवारीला चंद्रकोर त्याच्या अगदी जवळ होती. त्या संध्याकाळी बाबांनी बघितलं असेल तर आठवतं का विचारा, कारण कोरीजवळची चांदणी लोकांच्या लक्षात राहते.

लाल ठिपक्याचं मात्र मी खात्रीने सांगणार नाही, ते परिस्थितीवर आहे. ठिपका "त्यातून सुटला" हे वाटणं आहे. दोन गोष्टी एकाच रेषेत आल्या की असंच वाटतं. लष्करी पॅराशूट फ्लेअर मी बाद करतो, कारण ती जळत जळत हळूहळू खाली येते आणि बाबांचा ठिपका वर गेला. उल्का बाद, ती क्षणात जाते. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरताना विझतो, पण लाल नसतो आणि आकाशातून तीन-चार मिनिटं सरकत येताना दिसतो. उरला लग्नात सोडतात तो कागदी आकाशदिवा. तो वाऱ्याबरोबर वर चढतो, लालसर असतो आणि मेण संपलं की पटकन विझतो. ७ तारखेला तुमच्या पश्चिमेच्या एखाद्या गावात लग्न किंवा साक्षगंध होतं का, एवढं विचारून घ्या. होतं, तर प्रश्न मिटला. नसेल, तर ड्रोनची शक्यता मी खुली ठेवतो. शेवटी ड्रोन आज कुणाच्याही हातात आहे.

तुमच्या मित्राचा व्हिडिओही बघितला. त्यात गोल चकती आणि मध्ये काळं भोक दिसतं, आणि त्यावर तो अडून बसलाय. मोबाईलचं झूम पूर्ण ओढलं की कॅमेऱ्याला फोकस मिळत नाही आणि ठिपक्याची चकती होते. रस्त्यावरच्या लांबच्या दिव्यावर करून बघा, तिथेही तेच "यान" दिसेल. झूम न करता फोन खांबाला टेकवून, चौकटीत झाडाचा शेंडा घेऊन दहा मिनिटं काढलेला व्हिडिओ हजारपट कामाचा.

आणि आता तुम्हाला जे करता येईल ते. शुक्र अजून आहे, तेव्हा वेळ दवडू नका. आजच रात्री मचाणीजवळ दोन काठ्या रोवा, मी वर सांगितलं तशा. सात वाजता हात पूर्ण लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. ४-८ तारखेला तो सात वाजता तीन-साडेतीन मुठी वर होता, आता रोज थोडा थोडा कमी होत जाईल. तासाला पंधरा अंश असं आकाश फिरतं, म्हणजे काठीच्या टोकावरून तो दोन-तीन मिनिटांतच सरकलेला दिसेल. "थांबलेला" उजेड थांबलेला नव्हता हे बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी कळू द्या, माझ्या सांगण्यावरून नको. दुसरं, पाच-सात किलोमीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला कुणी पाहुणा असेल तर त्याला त्याच मिनिटाला फोन करा आणि दोघांनी होकायंत्राने दिशा घ्या. वस्तू दोन किलोमीटरवर असेल तर दोन्ही दिशांत मोठा फरक पडेल, शुक्र असेल तर दोन्ही आकडे एकच येतील. ही परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण तिला ना रडार लागतं ना परवानगी.

अधिकृत उत्तर हवंच असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करा. ठाण्यातून पुढे गेलेल्या पत्राची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "चौकशीचा निष्कर्ष काय" असं विचाराल तर सुरक्षेच्या कलमावर बोट ठेवून नकार यायची शक्यता आहे, म्हणून कागदाची प्रत मागा, मत मागू नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. आकाशातला प्रत्येक उजेड शुक्र नसतो, आणि हे तुमच्या भागाला मी सांगायला नको. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आजूबाजूला गोळे सापडले. त्याआधी जळते तुकडे रांगेने आकाशातून जाताना अर्ध्या महाराष्ट्राने बघितले होते. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात परत शिरताना तुटला, असं अभ्यासकांनी सांगितलं. इस्रोची माणसं पाहणीला आली. फरक लक्षात घ्या: ते दृश्य एकदाच, मिनिट-दोन मिनिटं, आडवं सरकत गेलं. असं काही दिसलं आणि नंतर वावरात काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, भंगारवाल्याला तर अजिबातच नको. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. ठाण्यात कळवा. त्या वेळी आलेली गाडी नक्कीच अर्ध्या तासात जाणार नाही.

आणि जिथे धोका वाटतो तिथे वायुसेना चहा पीत बसत नाही, हेही खरं. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ भर दुपारी एक वस्तू दिसली तर विमानांची ये-जा थांबवली आणि दोन राफेल शोधायला उडाली. नंतर काय कळलं? ती लहान वस्तू पुन्हा दिसली नाही, एवढंच हवाई दलाने सांगितलं. तिथे राफेल पाठवूनही उत्तर एका ओळीचंच मिळालं, तुमच्या बोडीवर तर एक वही आणि एक होकायंत्र आलं होतं.

काठ्यांचं झालं की तारीख, वेळ, मुठी आणि पाहुण्याने घेतलेली दिशा मला इथे लिहून पाठवा, मी ताडून सांगतो. महिनाअखेरीस तो नवाच्या आधीच मावळायला लागेल, मार्चच्या मध्यानंतर संधिप्रकाशात हरवेल. मग गावात बोललं जाईल की गाड्या येऊन गेल्या आणि उजेड बंद झाला. एप्रिलमध्ये पहाटे तोच पूर्वेला निघणार आहे. बाबांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर पोलीस पाटलांना पुन्हा ठाण्यात जावं लागेल.